पासवर्ड फाईल खराब झालीये: ग्रबमधून शेल, लाईव्ह यूएसबी की सरळ फॉरमॅट?

लिनक्स सर्व्हर चालू आहे, पण रूटचा, म्हणजे मुख्य अॅडमिन यूझरचा, पासवर्ड घेत नाही, सुडो (अॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) मारलं तर म्हणतो तुम्ही पासवर्ड डेटाबेसमध्येच नाही, आणि चौकशी केली की कळतं कुणीतरी ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधली, यूझरची यादी असलेली पासडब्ल्यूडी फाईल हाताने एडिट केलीये. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, कुठल्याही छोट्या ऑफिसातून फोन आला की पहिला प्रश्न हाच, फॉरमॅट मारू का? अजिबात नको. आधी बघा कुठे रूटचं टर्मिनल उघडं राहिलंय का. असेल तर ते काही झालं तरी बंद करू नका, तिथूनच जुनी कॉपी परत ठेवता येते आणि पुढचं काहीच लागत नाही.

नसेल तर सगळ्यात झटपट रस्ता ग्रबचा, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या बूट मेनूचा. मेनूत ई दाबायचं, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट इज इक्वल टू स्लॅश बिन स्लॅश बॅश टाकायचं, कंट्रोल एक्स. यात लॉगिन होतच नाही, कर्नल थेट रूटचं शेल हातात देतो, म्हणून फाईल बिघडलेली असली तरी आडवी येत नाही. प्रॉम्प्टवर 'आय हॅव नो नेम' दिसलं तर घाबरू नका, शून्य नंबरच्या यूझरचं नाव त्याला फाईलमध्ये सापडत नाहीये इतकंच. डिस्क बहुतेक वेळा रीड-ओन्ली असते, ती रिमाउंट करून आरडब्ल्यू (लिहिता येईल अशी) करा, नाहीतर पासवर्ड बदलताना टोकन मॅनिप्युलेशनची एरर येते. आणि काम झाल्यावर एक्झिट मारू नका, कर्नल पॅनिक होतो, सिंक करून रीबूटला मायनस एफ लावा. रेड हॅट, रॉकी, अल्मावाल्यांनी सेलिनक्स या सुरक्षा यंत्रणेसाठी ऑटोरीलेबलची फाईल बनवायला विसरू नये, पुढचं बूट लांबतं पण लांबू दे. उबुंटूचा रिकव्हरी मोड सोपा वाटतो खरा, पण रूटला पासवर्ड सेट असेल तर तो पण तोच मागतो.

पासवर्ड नुसता विसरलाय आणि फाईल धड आहे, तर ग्रब पुरे. पण फाईलच खराब असेल तर मी लाईव्ह यूएसबीच (पेन ड्राईव्हवरून चालणारी लिनक्स) घेईन, वेळ जास्त गेला तरी चालेल. कारण तिथे सिस्टीम धड असते, एडिटर नीट चालतो, आणि काहीही करण्याआधी सगळा ईटीसी फोल्डर दुसऱ्या ड्राईव्हवर कॉपी करून ठेवता येतो. मग जुनी कॉपी शोधायची: त्याच फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी डॅश असलेली पासडब्ल्यूडी आणि पासवर्ड ठेवणारी शॅडो, आणि डेबियन-उबुंटूवर व्हारमधल्या बॅकअप्समध्येही बघा. डॅशवाली कॉपी शेवटच्या बदलाच्या आधीची असते, म्हणजे शेवटचा जोडलेला यूझर त्यात नसू शकतो. त्याला नव्याने बनवताना मनाने नंबर देऊ नका, होम फोल्डरवर एलएस मायनस एलएन मारा, जुना यूझर नंबर तिथे दिसतो, तोच द्या, नाहीतर त्याच्याच फाईली त्याला उघडणार नाहीत. कॉपी कुठेच नसेल तर निदान रूटची ओळ हाताने लिहा, सात रकाने, मध्ये सहा कोलन, एक जरी कमी पडला तरी ती ओळ बाद.

डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर ग्रब आणि लाईव्ह यूएसबी दोन्हीकडे पासफ्रेज लागणारच, त्याला पर्याय नाही. सर्व्हर महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर पेन ड्राईव्ह घेऊन पळायच्या आधी रिमोट कन्सोल आहे का बघा, ग्रब तिथूनही दिसतो आणि बऱ्याच मशीनवर आयएसओ (लाईव्ह लिनक्सची इमेज फाईल) पण तिथूनच लावता येते. क्लाउडवर असाल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, म्हणजे लाईव्ह यूएसबीचंच काम.

फॉरमॅट कधी? मशीनमध्ये कुणी बाहेरचा घुसला होता असा खरा संशय असेल तेव्हा, आणि तेव्हाही आधी डेटा बाहेर काढून. एरवी दोन मजकुराच्या फाईलींपायी सांबाची फाईल शेअरिंग, क्रॉनची ठरलेल्या वेळची कामं, प्रिंटर सगळं परत बसवणं म्हणजे आठवडा घालवणं.

रस्ता कुठलाही घ्या, बाहेर पडायच्या आधी पीडब्ल्यूसीके मायनस आर चालवा, तो काही न बदलता चुकीच्या ओळी दाखवतो. पासडब्ल्यूडीची परमिशन 644, उबुंटूवर शॅडोची 640 आणि ग्रुप शॅडो. मशीन वर आल्यावर एका टर्मिनलवर रूट उघडा ठेवूनच दुसरीकडून सुडो चालतंय का बघा.