गूगल की डकडकगो?

मी ही दोन्ही शोधयंत्रं वापरते: १९९८ सालचं गूगल आणि २००८ सालचं डकडकगो. मराठीत शोधायचं तर गूगलच सरस; ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी बहुतेकदा त्याला बरोबर कळतं. पण ते जुने शोध लक्षात ठेवून जाहिराती दाखवू शकतं. डकडकगो आपल्या शोधांची नोंद ठेवत नाही, म्हणून आजारपणाचं काही असलं की मी तिकडेच वळते. त्याचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राकडून येतात, एवढं ध्यानात असू द्या.

नेमकी ओळ हवी असेल तर ती दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. गूगलवर ‘जग्वार -गाडी’ लिहिलं, की गाड्यांची पानं बरीच गळतात आणि प्राणी वर येतो. वजाचिन्ह मात्र शब्दाला चिकटूनच हवं.