फासा टाका, माणूस तयार

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या गोष्ट रचत खेळायच्या खेळात मी गोष्ट चालवतो. खेळाडूंनी परवा त्यातल्या एका नावाड्याला थेट नाव-गाव विचारलं आणि माझी तंतरली. तेव्हापासून खेळ चालवणाऱ्यासाठीच्या 2014च्या 'डन्जन मास्टर्स गाइड' या पुस्तकातले एनपीसीचे (खेळाडू नव्हे, तर खेळ चालवणारा वठवतो त्या पात्रांचे) तक्ते उघडेच ठेवतो. लकबींसाठी 20 बाजूंचा फासा टाकला: यमक जुळवून बोलतो. दोष आणि गुपितांसाठी 12 बाजूंचा: निषिद्ध प्रेम. झालं, नावाडी जिवंत! (मग सेशनभर यमकं जुळवताना माझी दमछाक झाली, ते सोडा.)

सगळे तक्ते मात्र वापरू नका. रूप, कौशल्य, आदर्श असं एकेक टाकत बसलं की समोर जांभया सुरू होतात. दोन फासे पुरे. या तक्त्यांत नावं नाहीत, ती मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. वापरलं की खोडायचं.