गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणारं काष्ठौषधींचं दुकान

मंडईकडून रविवार पेठेत शिरताना आतल्या गल्लीत हे दुकान आहे. माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या फार्मसीत झाली, केमोची औषधं रोज हाताखालून जायची, त्यामुळे जडीबुटीच्या दुकानात शिरले की माझी नजर आपोआप कडक होते. इथे मात्र मी वर्षानुवर्षं जातेय.

माल उत्तम. अश्वगंधा मागितली की काका पोत्यातलं मूळ हातावर ठेवतात, मोडून बघा म्हणतात. चांगलं मूळ काडकन तुटतं, आत पांढरं, पिठूळ असतं आणि नाकाजवळ नेलं की उग्र वास येतो. सर्दावलेलं मूळ वातड लागतं, ते काका स्वतःच बाजूला काढतात. राजापुरी हळकुंडं सांगलीची, फोडली की आतून गर्द नारिंगी. भाव थोडा चढा आहे, पण मालात खोट नाही.

पण मी हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. मागच्या महिन्यात माझ्यासमोर बारामतीकडचे एक गृहस्थ आले. काखेत फाईल, बायकोला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं वाचून सदाफुलीच्या पानांची पावडर मागत होते. काकांनी पहिला प्रश्न केला, “केमो चालू आहे का?” हो म्हटल्यावर म्हणाले, “मग दादा, माझ्याकडचं काहीच नेऊ नका. अश्वगंधा नको, हळदीच्या गोळ्याही नकोत. आधी डॉक्टरांना विचारा.”

गृहस्थांचा चेहरा पडला. मी त्यांची फाईल पाहिली. यादीत व्हिन्क्रिस्टिन होतं, सदाफुलीतूनच निघालेलं केमोचं औषध. म्हटलं, सदाफुली तुमच्या घरी आधीच पोचलीय, सलाईनमधून.

हे खरंच तसं आहे. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी सदाफुलीची पानं तपासायला घेतली ती मधुमेहासाठी, कारण जमैकात लोक त्यांचा काढा प्यायचे. तोंडाने दिलेल्या अर्काने उंदरांच्या साखरेत काही फरक पडला नाही. तोच अर्क टोचल्यावर मात्र पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन वेगळं काढलं गेलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आलं. पेशी दुभंगताना जे सूक्ष्म धागे लागतात ते ही औषधं जुळूच देत नाहीत, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात. मोठ्या माणसालासुद्धा व्हिन्क्रिस्टिन एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. जास्त झालं तर नसा बधिर होतात, आतडी थंडावतात. शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. कुंडीतल्या पानात ते किती आहे हे कोण मोजणार? आणि पानात ते एकटंही नसतं, बरोबर इतर कितीतरी अल्कलॉइड, म्हणजे झाडातली तीव्र रसायनं, असतात.

हळदीचंही तेच. तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या कॅन्सरपेशींवर काम करतं, हे खरं. पण पोटातून ते रक्तात फार थोडं उतरतं, म्हणून गोळ्यांत मिऱ्यातलं पिपरिन घालतात. पिपरिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना अडवतं, आणि व्हिन्क्रिस्टिन मोडायचं कामही त्यांच्याचकडे असतं, म्हणजे ते अंगात जास्त साठून राहू शकतं. भाजीतल्या चिमूटभर हळदीला माझी ना नाही. गोळीची गोष्ट वेगळी.

काका नरक्याही ठेवत नाहीत. आपल्या सह्याद्रीतलं हे झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्या रेणूत फेरफार करून इरिनोटेकान, टोपोटेकानसारखी कॅन्सरची औषधं तयार झाली. म्हणून तर जंगलात त्याची चोरटी तोड झाली. “चोरीचा माल माझ्या दुकानात नको,” एवढंच ते म्हणतात.

एक तक्रार आहे. गल्ल्याजवळ एका कंपनीच्या कॅप्सूलचा खोका ठेवलाय, त्यावर ‘कर्करोगावर गुणकारी’ छापलंय. अशी जाहिरात १९५४ च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याने बंद आहे. मी दाखवल्यावर काकांनी खोका आत टाकला, पण पुढच्या खेपेला मुलाने तो पुन्हा बाहेर मांडलेला दिसला. तो परत करा, असं मी मुलालाही सांगून आलेय. शिवाय सुट्या चूर्णाच्या पुडीवर दळल्याची तारीख हवी. ती नसेल तोवर चूर्ण घेऊ नका, अख्खं मूळ घ्या आणि घरी कुटा.

दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं. गल्लीत गाडी शिरत नाही, मंडईच्या पार्किंगला लावून चालत या. केमो चालू असलेल्या कोणासाठी येत असाल तर फाईल बरोबर आणा. काका ती बघायला मागतातच.