एनर्जीप्लसमध्ये शेजारच्या इमारतींची सावली: बरेच महिने वापरल्यानंतर

दिवाळीपासून पुण्यातल्या निवासी इमारतींची ऊर्जेची गणितं मी एनर्जीप्लस या इमारतीचा वीजवापर आणि उष्णता आधीच मोजून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर करतोय. कोथरूड-एरंडवण्यासारख्या भागात एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीतला पेपर वाचता येईल इतपतच साइड मार्जिन असतं. अशा ठिकाणी शेजारच्या इमारतीची सावली धरली नाही, तर एसीचा लोड निव्वळ काल्पनिक निघतो. म्हणून हा अनुभव फक्त सावलीपुरता लिहितोय.

निकाल आधीच सांगतो. भूमितीत हे सॉफ्टवेअर पक्कं आहे. अडथळा (सावली पाडणारी वस्तू) कशाला म्हणायचं आणि तो किती वर्षं टिकेल, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं हे इंजिन २००१ पासून मोफत मिळतं. चित्र काढायची सोय त्यात नाही, ते काम मी स्केचअप आणि ओपनस्टुडिओवर करतो. अडथळे तीन प्रकारचे असतात: साइटचे, बिल्डिंगचे आणि झोनचे (झोन म्हणजे एकच तापमान धरलेला इमारतीचा भाग). छज्जे, उभ्या फिन वगैरे झोनमध्ये जातात. शेजारची इमारत साइटमध्येच टाकावी, कारण दिशा बदलून पाहण्यासाठी आपली इमारत फिरवली तरी साइटचे अडथळे जागचे हलत नाहीत. बिल्डिंगमध्ये टाकलेले सोबत फिरतात, आणि मग शेजारची सोसायटीही आपल्याबरोबर गिरकी घेते!

काय काढायचं आणि काय सोडायचं? अ‍ॅश्रे या अमेरिकन संस्थेच्या ९०.१ या इमारत-ऊर्जा मानकाच्या परिशिष्ट जी मधली चाळणी मला पटली: ज्याची परिणामकारक उंची आपल्यापासूनच्या अंतरापेक्षा जास्त आणि आपल्याकडची रुंदी आपल्या इमारतीच्या एक-तृतीयांशाहून जास्त, ते सगळं धरायचं. बाल्कन्या, पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना यांच्या नादी लागू नका. साधे ठोकळे पुरतात.

सगळ्यात जास्त फरक मजल्यांमुळे पडतो. वेळ वाचवण्यासाठी एकच मजला काढून त्याला गुणक लावायची पद्धत सर्रास आहे. पण सावली त्या काढलेल्या मजल्याच्याच उंचीवर मोजली जाते आणि तीच सगळ्या मजल्यांना चिकटते. पश्चिमेला १२ मीटरवर ३३ मीटर उंच, ऐसपैस रुंद इमारत आहे असं धरा. तळमजल्याच्या खिडकीच्या मध्यापासून तिचा माथा साधारण ६९ अंशांवर दिसतो, सातव्या मजल्यावरून ४१ अंशांवर. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य डोक्यावरून जातो. त्या दिवसांत तळमजल्याचं ऊन दुपारी दोनच्या आसपास संपतं, सातव्याचं जवळजवळ चारपर्यंत टिकतं. म्हणजे पश्चिमेच्या उन्हाचे जवळजवळ दोन तास जास्त. मी आता खालचा, मधला आणि वरचा असे निदान तीन मजले वेगळे काढतो.

मूळ सेटिंग्जपैकी एक लगेच बदला. सावलीची स्थिती दर २० दिवसांनी मोजली जाते. जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांत ते चालून जातं, कारण तेव्हा सूर्य फारसा सरकत नाही. मार्चच्या शेवटी मात्र त्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण कोनीय अंतर) रोज सुमारे ०.४ अंशाने बदलते, म्हणजे २० दिवसांत ८ अंश. नेमका आपला उन्हाळा सुरू होतो तेव्हाच. मी सात दिवस ठेवतो. रन (एकदा गणित चालवायला लागणारा वेळ) थोडा लांबतो, पण ठीक आहे. आकडे पटले नाहीत तर प्रत्येक भिंतीचा किती भाग उन्हात आहे हे तासागणिक काढून बघा. मला सगळ्यात उपयोगी पडलेलं आउटपुट हेच.

झाडांसाठी अडथळ्याला पारदर्शकतेचं वेळापत्रक (कधी किती ऊन आरपार जातं) देता येतं, आणि इथे परदेशी उदाहरणं आंधळेपणाने उचलू नयेत. तिकडचं पानगळीचं झाड हिवाळ्यात ऊन आत सोडतं आणि उन्हाळ्यात अडवतं. आपला गुलमोहर किंवा पांगारा उन्हाळ्याच्या तोंडाशीच उघडा पडतो आणि पावसाळ्यात, जेव्हा ढगच सावली देतात, तेव्हा गच्च होतो. आंब्याला मात्र बारा महिने एकच आकडा चालतो. पारदर्शकता बदलती ठेवली तर आकाशाच्या विखुरलेल्या उजेडासाठी डिटेल्ड पर्याय निवडा. साध्या पर्यायात ते गणित एकदाच होतं.

समोर काचेचं ऑफिस असेल तर नुसती सावली धरून भागत नाही. नेहमीच्या फुल एक्स्टिरिअर पर्यायात शेजारी फक्त ऊन अडवतो, परत फेकत नाही. परावर्तनासह असलेला पर्याय घेऊन त्या पृष्ठभागाचा किती भाग काचेचा आहे तेही द्यावं लागतं. रन चांगलाच लांबतो. मी हे फक्त काचेच्या तोंडासमोरच्या प्रकल्पांत करतो.

आता रीडेव्हलपमेंट. आज शेजारी चार मजली सोसायटी आहे, उद्या तिथे टॉवर असेल. मधल्या काळात इमारत पाडल्यावर एक-दोन उन्हाळे तिथे नुसतं मोकळं मैदान राहील. म्हणून एसीची क्षमता ठरवताना मी शेजारची इमारत काढून टाकतो आणि वर्षाचा वीजवापर काढताना ठेवतो. एका बिल्डरला हे दोन आकडे बघून वाटलं की मी टनेज फुगवतोय. बाजूचा पाडकामाचा बोर्ड दाखवल्यावर विषय संपला.

एक उणीव राहतेच. समोरची भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी आपल्याकडे उष्णता फेकते. साइटचा अडथळा नुसता रेखाटून ती उष्णता हिशेबात येत नाही. सभोवतालच्या पृष्ठभागांसाठी वेगळा ऑब्जेक्ट आहे, पण त्यात दृश्य-गुणांक (आपल्या पृष्ठभागासमोरचा किती भाग ती भिंत व्यापते) आणि भिंतीच्या तापमानाचं वेळापत्रक आपणच भरायचं. ज्या बेडरूमच्या खिडकीसमोर तीन-चार मीटरवर पश्चिमेच्या उन्हाने तापलेली भिंत आहे, तिथेच मी ही खटपट करतो.