स्टॅटिक आयपी घ्यावा की बदलता पुरे?

घरी कॅमेरा किंवा नेटवर्क स्टोरेज (घरच्या जाळ्याला जोडलेली साठवणपेटी) बसवून ते बाहेरून उघडायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच: आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या घरचा पत्ता, कायमचा (स्टॅटिक) घ्यावा का? बहुतेक घरांना स्टॅटिक लागत नाही, असं माझं मत. ज्यांचं बदलत्या पत्त्यावर अडतं, त्यांचं बऱ्याचदा पत्ता बदलण्यामुळे नाही, तो वाटून घेतलेला असण्यामुळे अडतं.

आधी बदलता, म्हणजे डायनॅमिक. डीएचसीपीत, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याच्या पद्धतीत, इंटरनेट कंपनीचा सर्व्हर राउटरला ठरावीक मुदतीसाठी पत्ता वापरायला देतो. साधारण निम्मी मुदत सरली की राउटर आपणहून मुदतवाढ मागतो आणि ती बहुधा मिळते. म्हणून नाव डायनॅमिक असलं तरी एकच पत्ता कित्येक महिने टिकू शकतो. राउटर बराच काळ बंद राहिला, नवा लावला (त्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, वेगळा) किंवा कंपनीने जाळ्यात फेरबदल केले, तर मात्र तो बदलू शकतो. पीपीपीओई जोडणीत, जिथे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरावा लागतो, लाइन तुटून पुन्हा जोडली की नवा पत्ता मिळणं नेहमीचंच.

स्टॅटिक पत्ता तुमच्या खात्यालाच बांधलेला असतो. ऑफिसच्या फायरवॉलमध्ये घरचा पत्ता नोंदवायचा असेल, तर जादा पैसे जरूर मोजा. घरून मेल सर्व्हर चालवायचा असेल तरीही. बदलत्या पत्त्यांवरून आलेली मेल अनेक सर्व्हर दारातच अडवतात. वेग वाढेल म्हणून घेत असाल तर राहू द्या, त्याचा इथे संबंध नाही.

घरचं स्टोरेज बाहेरून उघडण्यापुरतं डायनॅमिक डीएनएस पुरतं. पत्ता बदलला की राउटर तो त्या सेवेला कळवतो, तुम्ही कायम एकच नाव वापरता. बदलानंतर थोडा वेळ जोडणी मिळत नाही, इतकाच त्रास.

पण यासाठी पत्ता तुमचा एकट्याचा हवा. आयपीव्ही४, म्हणजे आयपी पत्त्यांची जुनी, अजूनही चालणारी पद्धत, हिचे पत्ते सुमारे 429 कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी 2011 मध्येच वाटून झाले. म्हणून अनेक कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कित्येक घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली विनंती त्यातल्या कुठल्या घरची, हे कंपनीच्या यंत्राला कळत नाही. तुम्ही राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) कितीही नीट केलंत तरी ती विनंती राउटरपर्यंत पोचतच नाही. लोक यात आख्खा रविवार घालवतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. व्हीपीएन बंद करून राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन पत्ता (कंपनीकडून राउटरला मिळालेला) आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा आयपीव्ही४ पत्ता ताडून पाहा. जुळले नाहीत, किंवा वॅन पत्ता 100.64 ते 100.127 यांत पडला, तर बहुधा सीजीनॅट.

मग स्टॅटिक घेण्याआधी कंपनीला ‘सार्वजनिक, पण बदलता चालेल’ असं विचारून पाहा. काही कंपन्या तो देतात, काही थेट स्टॅटिकच विकतात. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, असेल तर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, मात्र तोही बदलू शकतो आणि तुम्ही जिथून बघणार त्या जाळ्यातही आयपीव्ही६ लागतं. टेलस्केलसारखं व्हीपीएन साधन (तुमच्या उपकरणांना आपसांत खाजगी जाळ्याने जोडणारं) घरातून बाहेर जोडणी उघडतं, त्यामुळे सीजीनॅटमागूनही चालतं. कॅमेरा त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपवर बाहेरून आधीच दिसत असेल, तर यातलं काहीच करू नका.