'गुत्ता' इंग्रजीत नेताना: एलहाऊस, पॉटहाऊस की ड्रॅमशॉप?

जुन्या मराठी कथेतील 'गुत्ता' इंग्रजीत नेताना 'बार' वा 'पब' चालत नाही, हे या खटाटोपात पडलेल्यांना सांगायला नको. प्रश्न जुन्या शब्दांपैकी कोणता निवडावा, एवढाच असतो.

'एलहाऊस' सर्वांत प्रतिष्ठित आहे. इंग्लंडमध्ये 1552च्या कायद्याने त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला, आणि आपला गुत्ताही मुळात सरकारी मक्ताच असल्यामुळे ही जोडी जुळेलसे वाटते. परंतु शब्द उच्चारताच वाचकाला शेकोटी आणि फेसाळते पेले दिसू लागतात, आणि आपल्या कथेत तर पत्र्याच्या छपराखाली मोहाची दारू असते. 'बीअरहाऊस'ची अडचण याहून ठळक आहे, कारण 1830च्या कायद्याने दोन गिनी भरून घरातच बीअर विकण्याची मुभा मिळालेल्या या दुकानांना कडक दारू विकताच येत नसे. 'शेबीन' हा आयरिश शब्द मला फार आवडतो, मात्र त्यात विनापरवाना विक्री गृहीत असल्याने तो हातभट्टीच्या अड्ड्यासाठी राखून ठेवावा.

माझा पहिला कौल 'पॉटहाऊस'ला होता. त्यातला तुच्छतेचा सूर थेट गुत्त्याचा आहे, आणि एका ग्रामीण कथेच्या अनुवादात मी तो अकरा ठिकाणी वापरलाही होता. मुद्रितशोधन करणाऱ्या तरुणीने पहिल्याच पानाच्या समासात प्रश्न टाकला, की या गावात गांजा उघड विकला जात असे काय? आजच्या बोलीभाषेतील इंग्रजीत 'पॉट' म्हणजे गांजा. मी तळटीप लिहून पाहिली, तेव्हा ती कथेतल्या त्या परिच्छेदापेक्षा लांब झाली. पुढे ज्या ज्या मित्राला मजकूर वाचायला दिला, तो त्याच शब्दापाशी अडून हसला. शब्दाचा यात दोष नाही, पण दर वेळी त्याचा खुलासा करीत बसण्याचा मला कंटाळा आला.

त्यानंतर मी 'ड्रॅमशॉप'कडे वळलो आणि, इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल, पण तिथेच राहिलो. हा शब्द पेयाचे नाव सांगत नाही, माप सांगतो. द्रवाच्या इंग्रजी मापांत ड्रॅम हा औंसाचा आठवा भाग, तर आपले नवटाक हा शेराचा आठवा भाग. प्रत्यक्षात नवटाक कितीतरी मोठे असले, तरी 'नवटाक मारून' घरी निघालेला माणूस ज्या दुकानातून बाहेर पडतो, त्याचे नाव मापावरूनच पडलेले असावे, हे मला योग्य वाटते. अमेरिकी वाचकाला मात्र या शब्दाने तिकडचे कायदे आठवतात, ज्यांनुसार झिंगलेल्या गिऱ्हाइकाने केलेल्या नुकसानीची भरपाई विक्रेत्याकडे मागता येते. आमच्या गुत्तेवाल्याने हे ऐकले असते, तर त्याच संध्याकाळी दुकानाला फळ्या लावल्या असत्या.

कथा गोव्यातली असेल, तर यातले काहीच विचारात घेऊ नये. तिथे पोर्तुगीजांपासून चालत आलेला 'टॅव्हर्न' आजही पाटीवर सापडतो.