एरोमोनास की एडवर्डसिएला? प्रोजेक्टला काय घ्यावं

मायक्रोबायोलॉजीच्या पोरांचे जून-जुलैत ठरलेले मेसेज येतात, दादा माशांच्या बॅक्टेरियावर करायचंय, विषय 'पेशीत कसा शिरतो' असा घेतलाय, तर एरोमोनास हायड्रोफिला घेऊ की एडवर्डसिएला टार्डा? मी दोन्ही केलंय. एकाबरोबर वर्षभर रडलो आणि मग दुसरीकडे गेलो, त्यामुळं लिहिताना थोडं तिकडं झुकलं तर समजून घ्या. ग्राम निगेटिव्ह वगैरे तुम्हाला माहितीय, ते सोडतो.

मिळण्याच्या बाबतीत एरोमोनासला तोड नाही. शिरोळकडं, राधानगरीकडं, कुठल्याही शेततळ्यावर जावा, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की एखादा तरी रोहू पोटाखाली लाल चट्टे घेऊन कडेला आलेला असतोच, त्याच्या किडनीत लूप (नमुना घ्यायची तारेची कडी) फिरवायचा की दुसऱ्या दिवशी प्लेट भरलेली. उलट इतका मिळतो की ह्यानंच मासा मारला का हा नुसता बघायला आलेला हे कळत नाही, कारण गोड्या पाण्यात तो कायमचाच रहिवासी, मासा जाळ्यात घासला किंवा पहाटे ऑक्सिजन पडला की संधी साधतो. एडवर्डसिएला मला सहा तळी फिरल्यावर एका पंगस माशात मिळाली. एसएस अगरवर (आतड्यातले बॅक्टेरिया निवडून वाढवायचं माध्यम) मधोमध काळा ठिपका असलेली बारकी कॉलनी, हायड्रोजन सल्फाइडमुळं येतो तो काळेपणा, बघितल्या बघितल्या सगळ्या लॅबला मिसळ खायला घातली. (साल्मोनेलापण तिथं तशीच दिसते, तेव्हा बायोकेमिकल झाल्याशिवाय मिसळीचं कबूल करू नका.)

आता मुद्द्याचं. एरोमोनासचा बराचसा कारभार बाहेरूनच चालतो. एरोलायसिन हे टॉक्सिन तो बंद अवस्थेत सोडतो, प्रोटिएझनं (प्रोटीन कापणारं एन्झाइम) त्याचा एक तुकडा कापला की ते चालू होतं, पेशीवर जीपीआय अँकरनं (पडद्यात रुतलेली चरबीची शेपटी) अडकलेली जी प्रोटीन असतात त्यांना ते धरतं, सात रेणू मिळून कडं करतात आणि पडद्याला आरपार भोक. टाइप थ्री, टाइप सिक्स सिस्टीमपण (पेशीत थेट प्रोटीन टोचायच्या बॅक्टेरियाच्या सुया) बऱ्याच स्ट्रेनकडं असतात, पण टॉक्सिनच्या धुमाकुळात त्यांचं काम वेगळं काढून दाखवायचं म्हणजे जत्रेत हरवलेलं पोरगं शोधायचं. एडवर्डसिएला पेशीचंच ॲक्टिन (पेशीच्या सांगाड्याचं प्रोटीन) वापरून आत शिरते, सायटोकॅलासिन हे औषध टाकून ॲक्टिन अडवलं की शिरणं पडतं, इतकं सरळ दाखवता येतं. मॅक्रोफेजनं (जंतू गिळणारी पांढरी पेशी) गिळली तरी मरत नाही, आत पिशवीत बसून वाढते, आणि टाइप थ्रीची सुई मोडलेल्या म्युटंटला तेच जमत नाही.

मला ज्यानं वैताग आणला ती जेंटामायसिन टेस्ट. पेशींवर बॅक्टेरिया सोडायचे, तास-दोन तास थांबायचं, धुवायचं, मग जेंटामायसिन हे अँटिबायोटिक, ते पेशीच्या आत फारसं जात नाही म्हणून बाहेरचे मरतात आतले वाचतात, मग ट्रायटन या डिटर्जंटनं पेशी फोडून आतले मोजायचे. कागदावर झकास. एरोमोनास टाकला की तिसऱ्या तासाला पेशी गोल व्हायला लागायच्या आणि वॉश द्यायला पिपेट लावली की आख्खा मोनोलेयर (पेशींचा एकेरी थर) सायीसारखा सुटून पिपेटमध्ये, म्हणजे आठवडाभर वाढवलेल्या पेशी सिंकमध्ये. डोस कमी केला, वेळ कमी केली, एका दिवशी चाळीस कॉलन्या आल्या, दुसऱ्या दिवशी शून्य. लई उशिरा डोक्यात आलं की ज्या पेशी चिकटून राहिल्यात त्यांनापण भोकं पडलेली असणार आणि त्या भोकातनं जेंटामायसिन आत जाणारच की, रेणू केवढासा तो! म्हणजे आत शिरलेले असले तरी आपणच त्यांना मारतोय, आणि वहीत लिहितोय 'शिरत नाही'. हे कळल्यावर मी त्या रात्री जेवलो नाही, खरं सांगतो.

एडवर्डसिएलात हा ताप मला तरी कमी झाला. पेशी टिकतात, दोन तासाचा आकडा आणि आठ तासाचा आकडा शेजारी ठेवला की आत वाढतेय हे दिसतं. तिचे नखरे वेगळे आहेत. जुन्या पेपरांत टार्डा म्हटलेले माशातले कितीतरी स्ट्रेन 2013 पासून एडवर्डसिएला पिसिसिडा झालेत, त्यामुळं वाचताना डोकं उठतं. दुसरं तापमान. तिची टाइप थ्री आणि टाइप सिक्स साधारण 23 ते 35 डिग्रीत चालू असते, 20 च्या खाली किंवा 37 ला गेलं की गप्प. मी पहिला महिनाभर सवयीनं 37 ला वाढवत होतो, प्लेटवर मस्त वाढायची आणि पेशीत जाऊन काहीच करायची नाही.

पेशींसाठी ईपीसी ही माशाची सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत राहता येणाऱ्या पेशी) मिळाली तर बघा, पूर्ण नावात कार्प आहे, पण ती फॅटहेड मिनो माशाची निघाली हे 2010 मध्ये छापून आलंय, व्हायव्हाला विचारतात. लखनौच्या एनबीएफजीआर या मत्स्य संशोधन संस्थेकडं आपल्या माशांच्या सेल लाइनचं भांडार आहे, गाईडकडनं पत्र घालून ठेवा. एल-15 मीडियात वाढवल्या तर सीओटू इनक्युबेटर नसला तरी चालतं.

तरी हातात चारच महिने असतील आणि सेल कल्चरच नसेल तर माझं ऐकून एरोमोनास सोडू नका. ब्लड अगर, गाळलेलं सुपरनॅटंट (बॅक्टेरिया खाली बसवल्यावर वरचं द्रव) आणि माशाचं थोडं रक्त, एवढ्यात टॉक्सिनचं चांगलं काम होतं. फक्त विषयाच्या नावातनं 'शिरतो' काढा.

वर्षभर असेल तर माझ्या मते एडवर्डसिएला. माणसालाही क्वचित बाधते दोन्ही, हाताला कापलेलं असलं तर त्या दिवशी मासा उघडू नका. आणि इनक्युबेटरवर 28 ची चिठ्ठी मोठ्या अक्षरात लावा, खाली नाव लिहा, कारण शनिवारी संध्याकाळी कोणतरी ई. कोलायवाला येतो आणि 37 करून जातो.